रुमालात बांधलेलं घड्याळ

मित्रांनो, आजची गोष्ट एका घड्याळाची आहे. हातात घड्याळ असलं म्हणजे वेळ कळतेच, हो ना? पण हे घड्याळ असं होतं, की ज्याच्या हातात होतं तोच दुसऱ्यांना विचारत फिरायचा, "किती वाजले हो?"

हसू नका. मीही आधी हसलो आणि मग मला थोडं वाईट वाटलं. काय झालं ते सांगतो.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी ताईकडे धुळ्याला गेलो. दार भाच्याने उघडलं. भाचा नववीत आहे. एरवी मी आलो की हा दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली येतो. या वेळी मात्र डावा हात छातीशी धरून, हळूच बाजूला सरकून उभा राहिला. मनगटाला रुमाल गुंडाळलेला.

"काय रे भो, पडलास की काय? प्लास्टर घातलंय?"

"नाही मामा. घड्याळ आहे."

"घड्याळाला काय झालं?"

"काहीच नाही. काही होऊ नये म्हणूनच रुमाल बांधलाय."

ताई घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, साडीला फॉल-पिको. तिची भिशी लागली होती. भाचा शाळेत १५०० मीटर धावण्यात तिसरा आला होता आणि सर म्हणाले होते, मनापासून सराव केलास तर पुढे जाशील. म्हणून ताईने त्या पैशांतून त्याला स्मार्टवॉच घेऊन दिलं. किती धावलो, किती वेळात धावलो, नाडीचे ठोके किती पडले, सगळं दाखवणारं. देताना ती एकच वाक्य म्हणाली, "जपून वापर हं. पुन्हा एवढे पैसे जमायला वर्ष जाईल."

झालं! पहिले तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी वर्गातला मित्र म्हणाला, "अरे, बेंचला घासू नकोस, स्क्रॅच पडेल." त्या दिवसापासून ही मनगटाची पट्टी सुरू. मग मैदानावर धूळ असते म्हणून मैदान बंद. सकाळी पांझरेकडच्या रस्त्याने पळायला जायचा, तेही बंद. का, तर पडलो तर?

मी म्हटलं, "दाखव बरं, आज किती पावलं चाललास?"

त्याने रुमाल सोडला. ६१२!

"अरे, नुसती शाळा एक किलोमीटर आहे. जाऊन येऊन अडीच-तीन हजार पावलं व्हायला हवीत."

त्याचं कारण गमतीचं आहे, बरं का. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं ती हाताच्या हेलकाव्यावरून. चालताना आपले हात पुढे-मागे होतात, तो झोका घड्याळातल्या बारीकशा यंत्राला जाणवतो. आमचे चिरंजीव हात छातीशी घट्ट धरून चालायचे. घड्याळाला वाटायचं, हा बसूनच आहे! म्हणजे पळावं म्हणून घेतलेल्या घड्याळाने मुलाला बसवून ठेवलं आणि वर 'तू बसला होतास' अशी नोंदही केली.

तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी असा एखादा रुमाल आहे? नवं दप्तर, नवी सायकल, नवा कंपास... सीटवरचं प्लास्टिक वर्षभर न काढलेली सायकल मी स्वतः पाहिली आहे. म्हणून ठरवलं, या ओरखड्याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचाच. दुसऱ्या दिवशी भाच्याला एस.टी.त बसवलं आणि ९० किलोमीटरवर आमच्या जळगावला घेऊन आलो.

आता मला सांगा, ओरखडा पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

एक वस्तू दुसरीवर घासली की त्यांतली एक जिंकते आणि एक हरते. जी जास्त कठीण ती जिंकते, जी मऊ ती खरवडली जाते. बस्स, एवढाच नियम. यात मोठा-लहान, महाग-स्वस्त असा काही भेद नाही. लाखाचं सोनं आठ आण्यांच्या खिळ्यापुढे हरतं, कारण सोनं मऊ असतं.

१८१२ साली फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दहा खनिजं निवडली आणि त्यांना ओळीत उभं केलं. पहिलं सगळ्यांत मऊ, ते शंखजिरे. टाल्कम पावडर त्याचीच असते. दुसरं जिप्सम, तिसरं कॅल्साइट, मग फ्लोराइट, अॅपेटाइट, फेल्डस्पार. सातवं क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. आठवा पुष्कराज, नववा कुरुंद आणि दहावा हिरा. प्रत्येक जण आपल्या आधीच्याला ओरखडा काढतो, पुढच्याला काढू शकत नाही. पण लक्षात ठेवा, हे वर्गातल्या नंबरासारखे नुसते क्रम आहेत, मार्क नाहीत. नववा आणि दहावा शेजारी असले तरी हिरा कुरुंदापेक्षा कितीतरी पटीने कठीण आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही खनिजं बघायची कुठे? अहो, जगभरचे लोक ती बघायला आपल्याकडचे दगड मागवतात! परदेशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेच्या पेटीत सुंदर स्फटिक मांडलेले असतात आणि खाली चिठ्ठी असते, 'जळगाव, महाराष्ट्र'. आपला सगळा खानदेश लाव्हारसाच्या काळ्या दगडावर बसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा थिजला. त्यातले वायूचे बुडबुडे तसेच पोकळ राहिले. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि हळूहळू स्फटिक वाढले. अॅपोफिलाइट, स्टिल्बाइट, कॅल्साइट, गारगोट्या. रावेर तालुक्यातल्या सावद्याच्या आसपास आणि जळगावजवळच्या खाणींत खडीसाठी दगड फोडताना हे स्फटिक निघतात. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. सहल काढा कधीतरी!

माझ्याकडे अशा तुटक्या-फुटक्या तुकड्यांनी भरलेला एक बुटाचा खोका आहे. तो भाच्यापुढे ओतला. सोबत शाळेचा खडू, एक खिळा आणि लोणच्याची फेकायला काढलेली बरणी.

"नखाने खडू खरवड."

लगेच खरवडला. खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो. त्याचा नंबर दोन, नखाचा अडीच.

"आता हा कॅल्साइटचा तुकडा नखाने."

नाही जमलं. खिळ्याने मात्र सरळ पांढरा चरा पडला.

"आता तोच खिळा बरणीच्या काचेवर ओढ."

भाच्याने घाबरत घाबरत ओढला. काचेवर करडी रेघ उमटली. "पडला ना स्क्रॅच!" तो ओरडला.

"आता बोटाने पूस."

रेघ पुसली गेली! काचेला काहीच झालं नव्हतं. उलट खिळाच काचेवर झिजला होता आणि त्याचं लोखंड काचेला लागलं होतं. साधी काच साडेपाचच्या आसपास असते आणि साधा खिळा तिच्यापेक्षा मऊ. पुष्कळदा घड्याळावर 'चरा पडला' म्हणून आपण रडत बसतो, तो असा दुसऱ्याच धातूचा डाग असतो. ओल्या फडक्याने निघून जातो.

"आता ही गारगोटी घे."

कर्रर्र! अंगावर काटा आला. काचेवर खराखुरा चरा. पुसून जाईना, नखाला लागेना असा तर मुळीच नव्हता.

भाचा त्या चऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, म्हणजे किल्ल्या नाही, बेंच नाही. घड्याळाचा शत्रू गारगोटी?"

अगदी बरोबर! पण गारगोटीचा मोठा दगड कोण घड्याळावर मारणार आहे? खरा शत्रू तिचा बारीक कण. दगड झिजतात, त्यांतले मऊ भाग आधी माती होतात. गारगोटी मात्र सहजी झिजत नाही, म्हणून ती वाळूत शिल्लक राहते. नदीच्या वाळूत असते, घराच्या प्लास्टरमध्ये असते, मैदानावरच्या धुळीतही तिचे कण असतात. आपल्या खानदेशातल्या उन्हाळ्यात वारा सुटला की तोंडात कचकच लागतं ना, त्यात तीही असते. लाकडी बेंच काचेपेक्षा कितीतरी मऊ. कापूस तर विचारूच नका. पण बेंचवर वाळूचा कण असला, कापडात वाळूचा कण अडकला, की तोच बेंच आणि तेच कापड काचकागद होतं.

मी भाच्याच्या मनगटावरचा रुमाल सोडला आणि उजेडात झटकला. उन्हाच्या तिरिपेत धूळ चमकली.

"आठ दिवस तू घड्याळ कशात गुंडाळून ठेवलं होतंस, बघ!"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणखी एक गंमत सांगतो. हीच गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, बहुतेक घड्याळांच्या पोटातही असते! क्वार्ट्झच्या बारीक तुकड्याला वीज दिली की तो थरथरतो, सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा. या आकड्याची निम्मी-निम्मी पंधरा वेळा करून बघा. उत्तर येतं १, म्हणजे एक सेकंद! क्वार्ट्झवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सैको कंपनीने १९६९ साली विकायला आणलं. जी गारगोटी बाहेरून काचेला ओरबाडते, तीच आत बसून वेळ सांभाळते.

आता प्रश्न असा, की मग काचच गारगोटीपेक्षा कठीण का करत नाहीत? करतात की! मोसच्या यादीतला नववा नंबर आठवतो? कुरुंद. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्या भारतातूनच तिकडे गेला आहे, तमिळमधल्या 'कुरुंदम'वरून. कुरुंदात क्रोमियमचा अंश मिसळला की होतं माणिक. लोखंड आणि टायटॅनियमचा अंश आला की नीलम. काहीच मिसळलं नाही की तो काचेसारखा पारदर्शक. असा कुरुंद आता कारखान्यात तयार करतात आणि भारी घड्याळांवर काचेच्या जागी बसवतात. २०१५ साली अॅपलचं पहिलं घड्याळ आलं, तेव्हा त्याच्या स्वस्त प्रकारात अॅल्युमिनियमच्या डबीवर कडक केलेली काच होती आणि पोलादी प्रकारात असा नीलमणी स्फटिक.

मग सगळ्यांनाच तो का बसवत नाहीत? एक तर महाग. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. कठीण वस्तूवर ओरखडा पडत नाही, पण ती आपटली तर तडकू शकते. प्लास्टिकवर नखानेही खुणा पडतील, पण ते शंभरदा पडलं तरी फुटत नाही. दोन्ही गुण एकाच वस्तूत ठासून भरणं अवघड असतं.

मधला मार्ग म्हणजे कडक केलेली काच. मोबाइलवर आणि बहुतेक स्मार्टवॉचवर हीच असते. तिची युक्ती ऐका. काचेत सोडियमचे बारके कण असतात. ती काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे कण घुसतात. हे आकाराने मोठे. एस.टी.च्या तिघांच्या बाकावरून एक बारीक मुलगा उठला आणि त्याच्या जागी एक जाडजूड काका बसले तर काय होईल? सगळे एकमेकांना घट्ट दाबून बसतील, हलायला जागा नाही. तसाच काचेचा वरचा थर आतून घट्ट दाबला जातो. मग तडा जायचा म्हटलं तरी सहजासहजी उघडत नाही. पण हीसुद्धा शेवटी काचच. गारगोटीपुढे तिची थोडी हार होतेच.

संध्याकाळी भाच्याला मी सराफ बाजारात नेलं. जळगावला लोक सोन्याची नगरी म्हणतात, ते तुम्हांला माहीत असेलच. माझ्या ओळखीचे एक जुने सराफ आहेत. त्यांना म्हटलं, "काका, याला कसोटी दाखवा."

त्यांनी गल्ल्यातून एक काळा गुळगुळीत दगड काढला. आपण 'माझी कसोटी लागली' म्हणतो ना, ती हीच कसोटी. त्यांनी एक अंगठी घेतली आणि सरळ दगडावर घासली! भाच्याने डोळेच मिटले. दगडावर सोन्याची पिवळी रेघ उठली. तिच्या शेजारी त्यांनी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढली, वर आम्लाचा थेंब लावला आणि दोन्ही रेघांचा रंग बघून सांगितलं, "बावीस कॅरेट." आता हॉलमार्कचा शिक्का आहे, सोनं न घासता तपासणारी यंत्रं आहेत. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पण शेकडो वर्षं सोन्याची किंमत अशा एका ओरखड्यानेच ठरत आली.

"आणि शुद्ध चोवीस कॅरेटची अंगठी का करत नाहीत, माहीत आहे का?" काकांनी विचारलं. "फार मऊ असते. रोजच्या वापरात टिकायची नाही. म्हणून थोडं तांबं-चांदी मिसळायचं. सोन्यालासुद्धा घरात वावरायचं म्हणजे जरा कमी शुद्ध व्हावं लागतं, बाळा."

परत येताना भाचा गप्प होता. घरी आल्यावर मी त्याला दोन वस्तू दाखवल्या. एक आमचं जातं. आपल्याकडे त्याला घरोटही म्हणतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची 'घरोट' नावाची कविता आहे, ती मिळवून वाचा. जात्याच्या पाळीवर हात फिरवला तर बारीक बारीक खड्डे लागतात. ते कोणी पाडले? मुद्दाम पाडून घेतले! दळून दळून जातं गुळगुळीत झालं की धान्य नुसतं घसरतं, पीठ पडत नाही. मग छिन्नी-हातोडी घेऊन टाकी लावणारी बाई दारात यायची आणि आजी पैसे देऊन जात्याला ओरखडे पाडून घ्यायची. ओरखडा नसलेलं जातं म्हणजे नुसता दगड.

दुसरी वस्तू माझ्या वडिलांचं, म्हणजे भाच्याच्या आजोबांचं घड्याळ. एचएमटीचं 'जनता'. रोज सकाळी चावी द्यायची. या एचएमटी घड्याळांचा कारखाना बंगळुरूला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झाला. २०१६ साली सरकारने तो बंद करायचं ठरवलं. आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. घड्याळावरची काच खरं तर प्लास्टिकची, तिच्यावर इतक्या रेघा की विचारू नका. वडील रविवारी बोटावर टूथपेस्ट घेऊन ती घासायचे. बारीक रेघा जायच्या, खोल राहायच्या.

"ही रेघ कशाची?" भाच्याने विचारलं.

"गर्दीत वरच्या दांड्याला हात धरून उभे राहायचे, त्याची असेल. ही कडेची म्हणजे पावसात चोपड्याच्या गाडीचं चाक खड्ड्यात गेलं, तेव्हाची. ते स्वतःच सांगायचे."

"आणि चालतं अजून?"

मी चावी दिली. टिक टिक टिक.

त्याने ते बराच वेळ कानाला लावून ठेवलं. नंतर त्याने रुमाल धुतला आणि खिशात ठेवला. मनगटाला बांधला नाही.

इथेच गोष्ट संपली असती, पण खरी गंमत पुढे आहे. महिनाभराने धुळ्याहून फोन आला.

"मामा, पडला!"

"कोण पडला?"

"ओरखडा!"

पळून आल्यावर फाटकाची कडी लावताना भिंतीच्या प्लास्टरला हात घासला. काचेला काही नाही, पण डबीच्या कडेला चरा. ती अॅल्युमिनियमची, वरचा कडक थर अगदी पातळ, आतला धातू मऊ. आणि प्लास्टरमध्ये काय असतं? बरोबर, वाळू!

"आई काय म्हणाली?" मी विचारलं. खरं सांगतो, मला जरा धाकधूकच होती. भिशीचे पैसे होते ना ते.

भाचा म्हणाला, "मी लपवणार होतो. पण तिनेच बघितलं. मला वाटलं आता रागावणार. तर तिने मशीनवरची कात्री उचलली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाली, बघ, बारा वर्षांची आहे. मुठीचा रंग पूर्ण गेलाय. ही नवी कोरी राहिली असती तर आपण काय खाल्लं असतं?"

मित्रांनो, मी एवढे दगड दाखवले, सराफ बाजार फिरवला, आणि माझ्या ताईने एका कात्रीत सगळं सांगून टाकलं!

आता पालकांसाठी दोन शब्द. ताईने मला नंतर सांगितलं, "मी 'जपून वापर' म्हटलं, त्याने 'वापरू नकोस' असं ऐकलं. महिनाभर तो पळायला जात नव्हता, तर मला वाटायचं, याला घड्याळ आवडलं नाही." दोघंही एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून गप्प. आपण मोठी माणसं वस्तू देताना तिची किंमत सांगतो. ते चूक नाही, मुलांना पैशांचे कष्ट कळायला हवेत. पण त्यासोबत हेही सांगावं, की यावर दोन-चार रेघा पडणार आहेत आणि त्या पडल्या तर मी रागावणार नाही. नाही तर मूल वस्तूला जपतं आणि ज्यासाठी ती आणली तेच सोडून देतं.

याचा अर्थ वस्तू कशाही आदळा-आपटा असा मुळीच नाही, बरं का! निष्काळजीपणा वेगळा आणि वापर वेगळा. घड्याळ जपायचं तर ते असं जपा:

धूळ बसली असेल तर कोरड्या फडक्याने किंवा शर्टाच्या टोकाने घासू नका. आधी फुंकर मारा. घड्याळ पाण्याला चालणारं आहे हे सोबतच्या पुस्तिकेत बघून घ्या, तसं असेल तर साध्या पाण्याखाली धरा, म्हणजे वाळूचे कण वाहून जातील. मग मऊ स्वच्छ कापडाने टिपा. पुस्तिकेत तसं नसेल तर ओलसर कापडाने हलकेच टिपलं तरी पुरे.

काढून ठेवताना काच खाली करून ओट्यावर किंवा फरशीवर ठेवू नका. दप्तरात सुटं टाकू नका, तिथे वाळू असतेच.

वाळूचा किल्ला करताना, बांधकामाजवळ खेळताना, कबड्डी-खोखो खेळताना काढून ठेवा. तिथे दुसऱ्याला लागू नये म्हणूनही ते काढायचंच असतं.

फारच काळजी वाटत असेल तर काचेवर पारदर्शक संरक्षक पट्टी लावून घ्या. ओरखडे तिच्यावर पडतील, पट्टी बदलली की झालं. आणि टूथपेस्टचा आजोबांचा उपाय स्मार्टवॉचवर करू नका. तो प्लास्टिकच्या काचेसाठी होता. आताच्या काचेवर वरून एक पातळ लेप असतो, तो त्याने खराब होऊ शकतो.

आणि हो, पाठीमागची हिरवी बत्ती रुमालात झाकली किंवा मनगटापासून दूर राहिली तर नाडी मोजता येत नाही. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. घड्याळ तेवढं मोजतं. त्यासाठी ते कातडीला टेकलेलं हवं. कपाटातल्या डबीला नाडी नसते!

या सुट्टीत तुम्हीही एक प्रयोग करा. घरातल्या मोठ्यांना विचारून एखादी फेकायची जाड काचेची बरणी घ्या. फुटकी काच हातात धरायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नख, तांब्याची तार, खिळा, खडू आणि रस्त्यात सापडतील ते पाच-सहा वेगवेगळे दगड जमवा. कोण कोणाला ओरखडा काढतो ते बघा आणि मऊपासून कठीणपर्यंत ओळ लावा. रेघ दिसली की आधी ओल्या बोटाने पुसून बघायचं, मगच निकाल द्यायचा. तुमच्या गावच्या दगडांत काचेला हरवणारा कोणता निघतो, ते मला पत्राने कळवा.

भाच्याचं काय? परवाच त्याने सांगितलं, आता घड्याळावर चार ओरखडे आहेत. त्याने त्यांना नावं दिली आहेत. एक फाटकाचा, एक सायकलचा, एक शाळेच्या नळाचा. चौथा जरा मोठा आहे, १५०० मीटरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर पडला तेव्हाचा. पडला, उठला आणि पळत राहिला. नंबर आला नाही. पण किती वेळात पोचलो ते घड्याळाने बरोबर नोंदवलं होतं. पडूनसुद्धा आधीपेक्षा चार सेकंद कमी!

अच्छा तर मग, पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोपर्यंत तुमच्या घरात कशाकशावर रुमाल बांधलेला आहे, ते जरा शोधून ठेवा.

तुमचा,
मामा